अटारी 2600 : गाजलेले, हौशी आणि कधीच बाजारात न आलेले गेम

प्रश्न थोडक्यात असा आहे : लहानपणी घरी कॅसेट टाकून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम होता, त्या हौसेनं अटारी 2600 चा इम्युलेटर (त्या मशीनची संगणकावरची नक्कल) उतरवून घेतला. पाच-पंचवीस गेम लावून पाहिले आणि हिरमोड झाला. सगळीकडे ठोकळे, लुकलुकणारी भुतं, आणि काही गेम तर सुरूच होईनात. मग त्याच मशीनसाठी अलीकडे लिहिलेला एक गेम लावला, तर तो एकदम सफाईदार. असं कसं? ‘अनरिलीज्ड’ म्हणून जी यादी फिरते तिच्यात खेळण्याजोगं काही आहे, की ती नुसती संग्राहकांची हौस? आणि एक ‘प्रोटोटाइप’, म्हणजे गेम तयार होत असतानाची चाचणीची, कॅसेट विकायला आली आहे, ती घ्यावी का?

मी या मशीनसाठी असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, कोड लिहितो. त्यामुळे आधी मशीनच्या पोटात काय आहे ते सांगतो. ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

एक गल्लत सुरुवातीलाच दूर करू. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जो मारिओ आणि कॉन्ट्रावाला ‘टीव्ही गेम’ असायचा, तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आला, अटारीचं मशीन अमेरिकेत सप्टेंबर 1977 मध्ये. फॅमिकॉममध्ये चित्र काढायला वेगळी चिप आणि चित्रासाठी वेगळी मेमरी आहे. ‘इथे वीट, तिथे ढग’ एवढं प्रोग्रामनं सांगून ठेवलं की पुढचं ती चिप बघून घेते. 2600 मध्ये चित्रासाठी मेमरीच नाही, एक बाइटसुद्धा नाही. सगळी मिळून रॅम 128 बाइट. स्कोअर, शत्रूंच्या जागा, उरलेले चान्स, स्टॅक (प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदी), सगळं तेवढ्यात. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे बेचाळीस चिन्हांत ही रॅम संपली.

मग चित्र उमटतं कसं? टीआयए नावाची चिप एका वेळी टीव्हीची फक्त एक आडवी ओळ काढते. तिला आठ बिट रुंदीचे दोन स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्र हलणारी छोटी चित्रं), दोन गोळ्या, एक चेंडू आणि अर्ध्या पडद्यापुरती वीस बिटांची पार्श्वभूमी एवढंच ठाऊक असतं. हा आकडा सहज आलेला नाही. 1977 मध्ये डोळ्यांसमोर होते पाँग आणि रणगाड्यांची लढाई : दोन रणगाडे, दोन तोफगोळे, एक चेंडू. बाकी तुम्हाला जे काही दिसतं, ते प्रोग्रामरनं टीव्हीचा झोत (चित्र रंगवणारा इलेक्ट्रॉनांचा किरण) पडद्यावरून धावत असताना टीआयएच्या त्याच रजिस्टरांमधल्या, म्हणजे छोट्या कप्प्यांमधल्या, किमती बदलत बदलत उभं केलेलं असतं.

आणि त्यासाठी वेळ किती? 1.19 मेगाहर्ट्झच्या 6507 प्रोसेसरला एका ओळीत मिळतात 76 सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे 76 ठोके. हिशेब करून बघा. डाव्या-उजव्या भागात वेगवेगळी भिंत हवी असेल तर पार्श्वभूमीची तीन रजिस्टरं एकाच ओळीत दोनदा भरावी लागतात, म्हणजे सहा वेळा लिहिणं आलं. दोन स्प्राइटसाठी आणखी दोन वेळा. टेबलातून बाइट उचलायला चार सायकल, रजिस्टरमध्ये टाकायला तीन. आठ वेळा सात, म्हणजे 56. ओळ मोजायची, पुढच्या ओळीची वाट पाहायला सांगायचं आणि परत वर उडी मारायची, त्याला आठ. झाले 64. उरलेल्या बारा सायकलींत ठरवायचं की या ओळीवर स्प्राइट आहे का, गोळी आहे का, रंग बदलायचा का. त्यात उजव्या भिंतीची किंमत लवकर लिहिली तर डावी भिंत बिघडते, उशिरा लिहिली तर उजवी. एक सायकल चुकली की झोत तीन पिक्सेल पुढे गेलेला असतो. अशा 192 ओळी, सेकंदाला साठ वेळा. गेमचा सगळा ‘विचार’, म्हणजे शत्रूनं कुठे जायचं, टक्कर झाली का, स्कोअर किती, हे वर-खालच्या न दिसणाऱ्या सत्तर ओळींत उरकायचं. 1979 च्या व्हिडिओ चेसमध्ये मशीन चाल शोधताना पडद्यावर नुसते रंग उधळलेले दिसतात, त्याचं कारण हेच. पट काढत बसलं तर विचार करायला वेळ कुठून आणणार?

आता लुकलुकणाऱ्या भुतांकडे येऊ. 1982 च्या पॅक-मॅनमध्ये टॉड फ्रायनं एक स्प्राइट पॅक-मॅनला दिला आणि दुसरा चारही भुतांना पाळीपाळीनं. प्रत्येक भूत चार फ्रेममधून एकदाच दिसतं, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा. जुन्या टीव्हीच्या काचेवर उजेड क्षणभर रेंगाळायचा, त्यामुळे ते थोडं तरी सुसह्य होतं. एलसीडीवर मात्र डोळे दुखतात. स्टेला इम्युलेटरमध्ये ‘फॉस्फर’ नावाची सेटिंग आहे ती चालू करा, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. आणि जे गेम ‘सुरूच होत नाहीत’ ते बिघडलेले नसावेत. या मशीनच्या जॉयस्टिकवर स्टार्टचं बटणच नाही. मशीनवर सिलेक्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असतात, स्टेलात ती एफ1 आणि एफ2 वर आहेत. काही गेम पॅडलचे (गोल फिरवायच्या खुंटीचे) आहेत, तिथे माउस वापरायचा. रंग विचित्र दिसले तर पाल-एनटीएससीचा घोळ असतो. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, मूळ अमेरिकन गेम एनटीएससी, आणि दोन्हींचे रंगांचे आकडे वेगळे. बहुतेक वेळा इम्युलेटर बरोबर ओळखतो, चुकला तर हातानं बदला.

आता मुख्य मुद्दा. मशीन तेच, मग नवे गेम सफाईदार का? 1982 मध्ये कॅसेटमधली रॉम, म्हणजे गेम साठवलेली चिप, महाग होती हे खरं. पण त्याहून मोठी टंचाई होती वेळेची आणि माहितीची. एकच माणूस गेम सुचवायचा, चित्रं काढायचा, आवाज बसवायचा आणि कोडही लिहायचा. नाताळ गाठायचा असायचा. ई.टी. साठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. एका कंपनीत सापडलेली युक्ती दुसरीला कळू नये अशी व्यवस्था होती. आज घरी बसून लिहिणाऱ्याला मुदत नाही, आणि टीआयए कोणत्या सायकलला नेमकं काय करते हे हौशी लोकांनी उलगडून सगळ्यांसमोर ठेवलं आहे. उत्तम पुरावा पॅक-मॅनचाच. मूळ कॅसेट 4 किलोबाइटची होती आणि ‘एवढ्यात याहून बरं होणारच नव्हतं’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. डेनिस डेब्रो या हौशी प्रोग्रामरनं तेवढ्याच 4 किलोबाइटमध्ये आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या मूळ मशीनच्या) पुष्कळ जवळ जाणारा पॅक-मॅन लिहून दाखवला. दोन्ही एकापाठोपाठ खेळा. यात फ्रायची नालस्ती नाही, त्याला मिळालेलं कॅलेंडर तुम्हाला दिसेल.

जुन्यांपैकी काय खेळावं? मी चारच सांगेन, पण प्रत्येकात काय बघायचं तेही सांगतो.

स्पेस इन्व्हेडर्स (रिक मॉरर, 1980). एका ओळीत सहा परग्रहवासी, अशा सहा ओळी. स्प्राइट तर दोनच! पण टीआयए प्रत्येक स्प्राइटच्या तीन प्रती शेजारी शेजारी काढू शकते. तीन आणि तीन सहा. आर्केडमध्ये 55 शत्रू होते, इथे 36 का, ते यावरून कळतं. अट आधी आणि खेळ नंतर, हे या मशीनवर सतत दिसतं.

ॲडव्हेंचर (वॉरन रॉबिनेट, 1980). दिसायला सगळ्यात दरिद्री : तुम्ही एक चौकोन, ड्रॅगन बदकासारखे. तरी मला विचाराल तर अजूनही ताजा वाटणारा गेम हाच. कारण त्यातलं वटवाघूळ तुम्ही बघत नसतानाही वस्तू पळवत फिरत असतं. तुमची तलवार तीन खोल्या पलीकडे गेलेली असते आणि ती कोणी मुद्दाम तिथे ठेवलेली नसते. याच गेममध्ये पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका लपवलेला आहे. तो उचलून योग्य भिंतीपर्यंत नेला तर एक गुप्त खोली उघडते आणि तिथे रॉबिनेटचं नाव झळकतं. त्या काळी अटारी प्रोग्रामरचं नाव डब्यावर छापत नसे. त्यानं ते गेममध्येच छापलं, आणि ते उघडकीला येईपर्यंत तो कंपनी सोडूनही गेला होता. याच नाराजीतून डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड अटारीतून बाहेर पडले आणि 1979 मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली. दुसऱ्याच्या मशीनसाठी फक्त गेम विकणारी ती पहिली कंपनी.

पिटफॉल! (डेव्हिड क्रेन, 1982). जंगलाचे 255 पडदे, 4 किलोबाइटमध्ये. पडदे कुठेच साठवलेले नाहीत. एका बाइटवर ठरावीक नियमानं बिट सरकवत गेलं की शून्य सोडून सगळ्या 255 किमती एकेकदा येतात आणि मग चक्र पुन्हा सुरू होतं. त्या बाइटचे काही बिट झाडं ठरवतात, काही खड्डा, काही विंचू की ओंडका. नियम उलटाही चालवता येतो, म्हणून डावीकडे पळालात तर तेच जंगल उलट क्रमानं भेटतं. सगळा नकाशा एका बाइटमध्ये! मी शिकवायला बसलो की आधी हाच गेम उघडतो. कॅरोल शॉच्या रिव्हर रेडमधली नदीही याच जातीच्या युक्तीनं वाहते, तोही खेळून टाका.

चौथा यार्स रिव्हेंज (1982), ई.टी. वाल्या वॉर्शॉचाच. पडद्याच्या मध्यावर जो रंगीबेरंगी झगमगता पट्टा दिसतो, तो म्हणजे गेमचा स्वतःचाच कोड चित्र म्हणून टीआयएकडे ढकललेला आहे. ठिपक्यांसाठी वेगळं टेबल ठेवायला जागा नव्हती, मग जे रॉममध्ये आहे तेच दाखवलं.

ई.टी. बद्दल विचाराल म्हणून सांगतो : लोक म्हणतात तसा जगातला सर्वांत वाईट गेम वगैरे काही नाही. खड्ड्यांची टक्कर फार कडक आहे, पायच काय, डोकं जरी खड्ड्याच्या चित्राला टेकलं तरी ई.टी. आत पडतो. अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला पुरलेल्या कॅसेटी 2014 मध्ये उकरून काढल्या तेव्हा त्यांत ई.टी. बरोबर इतरही बरेच गेम निघाले. तो अटारीच्या गोदामातला माल होता.

आता हौशी गेम, ज्यांना सगळे होमब्रू म्हणतात. अटारीनं 2600 बंद केला 1992 च्या सुरुवातीला. एड फेडरमायरचा एडट्रिस आला 1995 मध्ये, म्हणजे मधे फारशी उसंतच नाही. ब्रॅडफर्ड मॉटचा स्टेला इम्युलेटर 1996 मध्ये आला आणि चित्र पालटलं. तोवर प्रत्येक बदल ईप्रॉमवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर) भरून, कॅसेट मशीनमध्ये घालून बघावा लागायचा, आता लिहिलं की लगेच चालवता येऊ लागलं. आजच्या स्टेलाचा डीबगर (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) तर प्रत्येक सायकलला झोत कुठे आहे ते दाखवतो. 1982 मधल्या लोकांच्या हाती हे असतं तर काय झालं असतं, असं कधीकधी मनात येतंच.

सुरुवात करा थॉमस येंट्शच्या थ्रस्टपासून (2000). गुरुत्वाकर्षण, दोरीला लटकलेलं वजन, आणि तरीही चित्र स्थिर. मग जॉन शांपोचा लेडी बग, आणि चार जण जमले तर डॅरेल स्पाइस ज्युनियरचा मेडिव्हल मेहेम. हॅलो 2600 (2010) मुद्दाम बघा. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचा माजी उपाध्यक्ष एड फ्राइज यानं तो 4 किलोबाइटमध्ये लिहिला आणि पुढे स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमनं तो संग्रहात घेतला. मारिओसारखा प्रिन्सेस रेस्क्यू हा मात्र निन्टेंडोच्या आक्षेपानंतर विक्रीतून काढावा लागला. दुसऱ्याच्या नावावरचा खेळ उचलला की हा धोका असतोच.

इथे एक वाद आहे आणि त्यात माझी बाजू सांगून टाकतो. तुम्हाला जो ‘एकदम सफाईदार’ गेम भेटला, त्याच्या कॅसेटमध्ये बहुधा एआरएम नावाच्या जातीचा आधुनिक प्रोसेसर आहे. हार्मनीसारख्या कॅसेटमध्ये 70 मेगाहर्ट्झची चिप असते, अटारीच्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी पट वेगवान. शत्रूंचा विचार ती करते, 6507 फक्त तयार बाइट टीआयएला वाढतो. ड्रेकोनियनसारखा आठही दिशांना सरकणारा गेम त्याशिवाय अवघड होता. ही फसवणूक म्हणायची का? काही जुनी मंडळी म्हणतात. मी म्हणत नाही. क्रेननंच 1984 च्या पिटफॉल 2 साठी कॅसेटमध्ये स्वतः आखलेली मदतनीस चिप घातली होती, आणि एआरएम कितीही पळाला तरी ओळीला 76 सायकल आणि दोन स्प्राइट यांतून सुटका नाहीच. पण शिकायचं असेल तर एआरएमवाले गेम नंतर बघा. आधी 4 किलोबाइटवाले बघा, नाहीतर कौतुक नेमकं कशाचं करायचं तेच कळणार नाही. आणि 2023 चं नवं अटारी 2600+ घेणार असाल तर ध्यानात ठेवा की ते कॅसेट वाचून आत इम्युलेटरवर चालवतं. एआरएमवाल्या कॅसेटबद्दल आधी चौकशी करा.

उरले बाजारात न आलेले गेम. ते सगळे वाईट होते म्हणून अडले असं नाही. 1983 मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला, जुलै 1984 मध्ये अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल या उद्योजकानं घेतला आणि टेबलांवरचं काम जिथल्या तिथे राहिलं. त्यामुळे या ढिगात जवळजवळ पूर्ण झालेला गेम आणि नुसता हलणारा ठिपका शेजारी शेजारी पडलेले सापडतात. यादीवरून ते ओळखू येत नाही.

खरोखर खेळण्याजोगे तीन. वॉर्शॉचा सॅबोटर : यार्स रिव्हेंज आवडला असेल तर हा त्याचाच धाकटा भाऊ. मधे त्याला ‘द ए-टीम’ या टीव्ही मालिकेचं सोंग चढवायचा प्रयत्न झाला, तेही बाहेर पडलं नाही. दुसरा ॲक्वाव्हेंचर, समुद्रतळाशी खजिना शोधायचा, जवळपास तयार गेम. तिसरा सेव्ह मेरी, पॅक-मॅनवाल्या टॉड फ्रायचा. दरीत पाणी चढतंय, मेरी खाली अडकली आहे, आणि तुम्ही यारीनं ठोकळे सोडून तिला चढायला पायऱ्या करून द्यायच्या. ठोकळा तिच्या डोक्यावर पडला की संपलं. फ्रायला सवड मिळाली की तो काय करू शकतो, ते इथे दिसतं. शेवटचे दोन गेम अटारीनंच 2005 च्या फ्लॅशबॅक 2 या, आत गेम भरूनच येणाऱ्या मशीनमध्ये घातले, तेव्हा ते चोरटे वगैरे राहिलेले नाहीत.

आणि स्वोर्डक्वेस्टचं प्रकरण. चार गेम, प्रत्येकात कोडी, सोडवणाऱ्याला प्रत्यक्ष सोन्या-रत्नांची बक्षिसं. पहिली चार 25,000 डॉलरची आणि शेवटची तलवार 50,000 ची. अर्थवर्ल्ड आणि फायरवर्ल्ड आले, वॉटरवर्ल्ड थोड्याच लोकांपर्यंत पोचला, एअरवर्ल्ड झालाच नाही आणि स्पर्धा गुंडाळली गेली. 2022 च्या अटारी 50 या संग्रहासाठी एअरवर्ल्ड नव्यानं लिहिला गेला. खरं सांगायचं तर या मालिकेतले गेम खेळायला रटाळ आहेत. सोबतचं कॉमिक हातात नसेल तर काहीच कळत नाही. गोष्ट वाचा, गेम सोडा. 1984 मध्ये अटारी कपाळाचे स्नायू वाचणारा माइंडलिंक नावाचा पट्टा आणणार होती, तोही असाच राहिला. भुवया उडवून चेंडू मारायचा. खेळणाऱ्यांची डोकी दुखत, म्हणतात.

आता त्या विकाऊ ‘प्रोटोटाइप’बद्दल. खऱ्या प्रोटोटाइपमध्ये साधारणपणे उघडा बोर्ड किंवा लॅबची कॅसेट असते, त्यावर ईप्रॉम, ईप्रॉमला छोटी काचेची खिडकी, आणि खिडकीवर हातानं लिहिलेलं लेबल. खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतला मजकूर पुसला जातो, म्हणून ते लेबल खरवडून ‘खाली काय लिहिलंय’ बघायचं नाही. प्रकाश नसला तरी या चिपांतले बिट वर्षांगणिक गळत जातात, म्हणून अशी वस्तू हाती आली की खेळण्याआधी रॉम वाचून तिची प्रत काढून ठेवायची.

पण त्याच काळातल्या कोऱ्या ईप्रॉम आजही विकत मिळतात, आणि वर सांगितलेल्या गेमच्या फाइली सगळीकडे आहेत. चिपवरचा तारखेचा शिक्का 1983 चा असला तर तेवढ्यानं फक्त चिप 1983 ची ठरते. म्हणून विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : ही कोणाकडून कोणाकडे आली, आणि रॉम वाचलीय का, वाचली असेल तर उपलब्ध आवृत्तीपेक्षा तिच्यात काही वेगळं आहे का. फाइल तंतोतंत तीच असेल आणि आधीचा मालक सांगता येत नसेल, तर तुम्ही प्लास्टिक विकत घेताय. त्यावर परदेशातून मागवायचं टपाल, कस्टम ड्यूटी, आणि एनटीएससी मशीन असेल तर आपल्याकडच्या जुन्या पाल टीव्हीवर चित्रच धड न येणं, हेही आलंच. ‘उघडून पाहिलेली नाही, आत काहीही असू शकतं’ असं सांगून कोणी भाव चढवत असेल तर सरळ सोडून द्या. तेवढ्या पैशांत एखाद्या हौशी लेखकाची खोक्या-पुस्तिकेसकट नवी कोरी कॅसेट येते, आणि ती लावल्यावर काय दिसणार हे आधीच माहीत असतं.